शिवाल्याची गढी, ऑगस्ट १७८१

काशीत अस्सी घाटावरून नावेने उत्तरेकडे निघाले की थोड्याच वेळात डाव्या हाताला एक उंच, जाड भिंत लागते. खाली घाटाच्या पायऱ्या, वर बुरूज आणि बुरुजांच्या मधे खिडक्या. हा चेतसिंह घाट, आणि भिंतीमागची वास्तू म्हणजे शिवाल्याची गढी. नदीकडून ती किल्ला वाटते. आत चौक, दालने आणि शंकराची जुनी देवळे आहेत. लढायला आणि राहायला एकच जागा असावी, अशा बेताने अठराव्या शतकातल्या सरदारांनी जी घरे बांधली, त्यांपैकी हे एक.

गुरुवार, १६ ऑगस्ट १७८१ या दिवशी इथे ईस्ट इंडिया कंपनीच्या शिपायांच्या दोन कंपन्या कापल्या गेल्या, तीन गोरे अधिकारी ठार झाले आणि काशीचा राजा चेतसिंह पागोट्यांचा दोर करून गंगेत उतरला. पाच दिवसांनी गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्ज रात्रीच्या अंधारात चुनारला पळाला. हा भडका अचानक उडाला, असे पुष्कळदा लिहिले जाते. मला ते पटत नाही. प्रसंग ओळीने लावत गेले की दिसते, मागे फिरायला जागा जवळजवळ प्रत्येक टप्प्यावर होती, आणि प्रत्येक वेळी एकाच माणसाने ती नाकारली.

तीन वर्षे आधी

चेतसिंहाचे घराणे गंगापूरच्या भूमिहार जमीनदारांचे. आजोबा मनसाराम यांनी ते पुढे आणले. वडील बलवंतसिंह यांनी पैलतीरावर रामनगरचा किल्ला बांधला आणि अवधच्या नवाबाला कधी खंडणी देत, कधी चुकवत, तीस वर्षे राज्य सांभाळले. १७७० मध्ये चेतसिंह गादीवर आला. १७७५ मध्ये नवाब असफउद्दौल्याने तहात काशीवरचा हक्क कंपनीला देऊन टाकला. चेतसिंहाने दरसाल साडेबावीस लाखांच्या वर रुपये कंपनीकडे भरावेत असे ठरले. ते वेळेवर भरले तर आणखी काही मागणार नाही, असे कंपनीच्या कौन्सिलनेच त्या वर्षी मान्य केले होते.

१७७८ मध्ये फ्रान्सशी युद्ध सुरू झाले आणि हेस्टिंग्जने वरचे पाच लाख मागितले. राजाने एका वर्षापुरते म्हणून ते दिले. १७७९ मध्ये पुन्हा पाच लाख. या वेळी वसुलीला फौज आली आणि फौजेचा खर्चही राजाच्याच माथी बसला. १७८० मध्ये तिसऱ्यांदा तीच मागणी आली, तेव्हा राजाने सदानंद नावाच्या आपल्या विश्वासू माणसाबरोबर हेस्टिंग्जला खासगीत दोन लाख पाठवले. हेस्टिंग्जने आधी नाही म्हटले, मग घेतले. ते पैसे त्याने माळव्यात निघालेल्या मेजर कॅमॅकच्या फौजेसाठी वापरले. ही फौज होती महादजी शिंद्यांच्या विरुद्ध. काशीच्या राजाने स्वतःच्या बचावासाठी दिलेली रक्कम मराठ्यांशी लढण्यात खर्ची पडली, आणि पुढे त्याच राजाला महादजींच्याच दाराशी जावे लागले.

एवढे करूनही पाच लाखांची मागणी सुटली नाही. तीही त्याला भरावीच लागली. नंतर घोडेस्वारांची मागणी आली. आधी दोन हजार, मग दीड हजार, शेवटी एक हजार. चेतसिंहाने पाचशे स्वार आणि पाचशे बंदूकवाले जमवले, तसे कळवले आणि उत्तराची वाट पाहत राहिला. उत्तर आले नाही. कलकत्त्याचा खजिना आटला होता. मराठ्यांशी युद्ध चालूच होते, आणि १७८० च्या जुलैमध्ये हैदरअली कर्नाटकात उतरला होता. दिरंगाई हा गुन्हा ठरवून राजाकडून चाळीस-पन्नास लाखांचा दंड काढायचा, हे हेस्टिंग्जने कलकत्त्यातच मनाशी पक्के केले होते. कौन्सिलमधला विरोधक फिलिप फ्रान्सिस मायदेशी निघून गेल्यावर तिथे त्याला अडवणारे कोणी उरले नव्हते. ७ जुलै १७८१ ला तो निघाला. म्हणजे शिवाल्यातल्या त्या सकाळच्या पाच आठवड्यांहून आधीच राजाची शिक्षा ठरलेली होती.

बक्सरला चेतसिंह त्याला सामोरा आला. नावेतल्या भेटीत त्याने डोक्यावरची पगडी काढून हेस्टिंग्जच्या मांडीवर ठेवली. आपल्याकडे याहून मोठी शरणागती नसते. हेस्टिंग्ज विरघळला नाही.

मंगळवार, १४ ऑगस्ट

हेस्टिंग्ज काशीला पोहोचतो आणि कबीरचौऱ्याजवळच्या माधोदासाच्या बागेत उतरतो. बरोबर तीसेक इंग्रज आणि मेजर पॉपहॅमच्या हाताखालच्या मोजक्याच कंपन्या. मराठी वाचकाने हे नाव लक्षात ठेवावे. वर्षभरापूर्वी, ३ ऑगस्ट १७८० च्या रात्री, याच पॉपहॅमच्या माणसांनी शिड्या लावून शिंद्यांकडचा ग्वाल्हेरचा किल्ला घेतला होता. हिंदुस्थानातला अभेद्य किल्ला एका रात्रीत पडला, ही गोष्ट हेस्टिंग्जच्या मनात ताजी असणार. एवढ्या थोड्या माणसांनिशी तो परमुलखात राजाला पकडायला निघाला, त्याचे कारण मला या आत्मविश्वासात दिसते.

काही तासांनी चेतसिंहही शहरात येतो आणि संध्याकाळी भेटीला येऊ का, असे विचारतो. उत्तर मिळते: येऊ नका. जे सांगायचे आहे ते कंपनीचा रेसिडेंट उद्या सांगेल. काशीत समोरासमोर बसून बोलण्याची पहिली संधी इथे गेली.

बुधवार, १५ ऑगस्ट, सकाळ

रेसिडेंट विल्यम मार्कहॅम राजाकडे हेस्टिंग्जचे पत्र घेऊन जातो. यॉर्कच्या आर्चबिशपचा हा मुलगा, विशी नुकतीच ओलांडलेला. पत्रात पैसे देताना केलेली चालढकल, न पाठवलेले स्वार, राज्यातला गोंधळ, असे सगळे आरोप एकत्र बांधलेले आहेत.

बुधवार, संध्याकाळ

राजाचे उत्तर येते. त्यात तो प्रत्येक आरोपाचा खुलासा करतो. पैसे भरल्याचे, स्वार गोळा केल्याचे आणि आपल्या पत्रांना उत्तर न आल्याचे सांगतो. आज ते वाचणाऱ्याला ते घाबरलेल्या, पण आपला हिशेब नीट ठाऊक असलेल्या माणसाचे वाटते. हेस्टिंग्जला ते नुसते अपुरे वाटत नाही, तर उद्धट वाटते. ज्याने आधीच दंड ठरवला आहे त्याला आरोपीचा खुलासा हाच नवा अपराध वाटतो. त्याच रात्री मार्कहॅमला हुकूम मिळतो: सकाळी जाऊन राजाला अटक करा.

गुरुवार, १६ ऑगस्ट, दिवसाचा पहिला प्रहर

त्या काळच्या नोंदींत घड्याळाचे तास फारसे नाहीत, म्हणून इथून पुढे प्रहरांनीच मोजायला हवे.

मार्कहॅम शिवाल्याला पोहोचतो. पाठोपाठ पॉपहॅमच्या ग्रेनेडियर शिपायांच्या दोन कंपन्या येतात. त्यांच्याबरोबर तीन अधिकारी: लेफ्टनंट स्कॉट आणि लेफ्टनंट साइम्स यांच्या पलटणी वेगळ्या, लेफ्टनंट स्टॉकर रेसिडेंटच्या रक्षकांचा. राजा हू की चू करत नाही. हेस्टिंग्जचा हुकूम मान्य असल्याचे सांगतो आणि आपल्याच घरात कैदी होतो. शिपाई आतल्या चौकात, राजाच्या दालनाभोवती उभे राहतात.

या वाड्याची रचना आता महत्त्वाची ठरते. चौक चारी बाजूंनी बंद. त्यात उभे राहिलेल्या शिपायांना बाहेरचे काही दिसत नाही, आणि आत-बाहेर करायला वाट अरुंद. मालकाला शत्रूपासून वाचवण्यासाठी बांधलेली ही जागा पहारेकऱ्यांसाठी सापळाच होती. शिवाय या दोन कंपन्या काडतुसांशिवाय आल्या होत्या. बंदुका होत्या, संगिनी होत्या, दारूगोळा नव्हता. हेस्टिंग्जला राजाच्या शरणागतीवर इतका विश्वास होता, तर पहारा कशाला ठेवला? आणि विश्वास नव्हता, तर माणसे रिकाम्या बंदुका देऊन का पाठवली? या दोन प्रश्नांची उत्तरे एकमेकांना खोडतात, आणि त्यांच्यामध्ये जे मेले ते बहुतेक हिंदुस्थानी शिपाई होते.

त्याच सकाळी: चिठ्ठ्या

अटकेतून राजा हेस्टिंग्जला लिहितो. आपल्या मनात जे असेल ते आपल्या हाताने करावे, मी आपला चाकर आहे, पहारे कशासाठी, असा त्याचा आशय. थोड्या वेळाने दुसरी चिठ्ठी येते. माझी अब्रू आपणच दिलेली. ती गेली तर मी राज्य कोणत्या तोंडाने करू? जो हात जोडून जीव आणि मालमत्ता पुढे करतो, त्याच्याशी असे वागण्याची गरज काय?

मला हा सबंध घटनाक्रमाचा गाभा वाटतो. राजा पैशांबद्दल बोलत नाही, अब्रूबद्दल बोलतो. अठराव्या शतकातला राजा आपल्याच प्रजेसमोर, आपल्याच वाड्यात, परक्या शिपायांच्या पहाऱ्यात बसला, तर दुसऱ्या दिवशीपासून त्याचा महसूल कोण देणार? हेस्टिंग्ज हिंदुस्थानात तीसेक वर्षांपूर्वी आलेला. त्याला फारसी येत होती, दरबारी रीत ठाऊक होती. हे त्याला कळत नव्हते असे म्हणता येत नाही.

तो उलट लिहितो की घाबरू नका, मार्कहॅम येऊन सगळे समजावील. राजा कृतज्ञतेने उत्तर देतो. मार्कहॅम तेव्हा हेस्टिंग्जकडे बागेत आलेला आहे. त्याने राजाशी काय बोलायचे, याची कलमे तिथे लिहून होत आहेत. वाड्यात राजा, तीन तरुण अधिकारी आणि चौकातले शिपाई.

दिवस वर येतो

पैलतीरावरून, रामनगरकडून, हत्यारबंद माणसे नावांनी येऊ लागतात. राजाला पकडल्याची बातमी नदी ओलांडून गेलेली असते. शिवाल्याच्या गल्ल्या भरतात. आजूबाजूची घरे, वाटा, गढीचा दरवाजा, सगळीकडे तलवारी आणि तोड्याच्या बंदुका. हेस्टिंग्जने नंतर लिहिलेल्या वृत्तांतात जमाव दोन हजारांहून मोठा असल्याचे म्हटले आहे.

शिपायांकडे काडतुसे नाहीत, हे पॉपहॅमच्या ध्यानात येते. तो दारूगोळा देऊन आणखी एक कंपनी पाठवतो. ती पोहोचते तेव्हा वाडा वेढलेला असतो. आत जायला वाट मिळत नाही.

मागे फिरण्याची संधी अजूनही होती, ती या घटकेला. पहारा उठवला असता, मार्कहॅम एकटा आत गेला असता, तर जमावाला लढायला कारण उरले नसते. हेस्टिंग्जने वेगळा मार्ग घेतला.

चोपदार

त्याने राजाकडे चोपदार पाठवला. निरोप धमकीचा होता: कंपनीच्या माणसाचे रक्त सांडले तर त्याचा जाब तुमच्याकडून घेतला जाईल. चोपदाराने निरोप सांगताना राजाचा अपमान केला, अशी राजाच्या बाजूची तक्रार. त्याचे नेमके शब्द कोणते होते याला आता महत्त्व नाही. ज्याने पहाटेपासून हात जोडून ठेवले होते त्याच्याशी, त्याच्या रागावलेल्या माणसांच्या देखत, चोपदाराच्या तोंडून धमकीची भाषा केली गेली, एवढे पुरेसे होते.

बाचाबाची झाली. बाहेर बार उडाले. जमाव दरवाजातून आत घुसला.

कत्तल

चौकात जे झाले त्याला लढाई म्हणता येत नाही. शिपायांनी संगिनींनी जमेल तितका प्रतिकार केला. बंद जागेत, रिकाम्या बंदुका घेऊन, चारी बाजूंनी आलेल्या तलवारींसमोर त्यांचा निभाव लागण्यासारखा नव्हता. तिन्ही लेफ्टनंट पडले. दोन्ही कंपन्यांतले बहुतेक शिपाई मेले किंवा जखमी झाले. पॉपहॅम उरलेली फौज घेऊन पोहोचला तेव्हा सगळे आटोपले होते.

धुमश्चक्रीत चेतसिंह नदीच्या बाजूच्या एका लहान दारातून निसटला. खाली काठ उंच आणि सरळ तुटलेला. पागोटी एकमेकांना बांधून दोर केला, त्यावरून तो उतरला, नावेत बसला आणि पैलतीर गाठला. माणसे त्याच्यामागोमाग नावांत शिरली.

हेस्टिंग्ज वाचला तो याच गडबडीमुळे. जमाव राजामागे नदीपार जाण्याऐवजी माधोदासाच्या बागेकडे वळला असता, तर आपले आणि बरोबरच्या तीसेक इंग्रजांचे रक्तही त्याच दिवशी सांडले असते, अशी कबुली त्यानेच पुढे दिली. बंगालमधल्या कंपनीच्या राज्याचा कारभारी त्या दुपारी जवळजवळ निराधार बसला होता.

पाच दिवस

चेतसिंह रामनगरमध्ये थांबला नाही. तो लतीफपूरच्या किल्ल्याकडे निघून गेला. सोमवारी, २० ऑगस्टला, कॅप्टन मायाफ्रे याने घाईघाईने रामनगरवर हल्ला केला. गल्लीबोळांत त्याची फौज अडकली, तो स्वतः मारला गेला आणि शंभरावर माणसे कामी आली. शिवाल्याची चूक चार दिवसांत पुन्हा झाली. मंगळवारी, २१ तारखेला रात्री, हेस्टिंग्जने काशी सोडली. जखमी शिपायांना बरोबर नेता आले नाही. शहरात राहणारा अवधच्या नवाबाचा भाऊ सआदतअली याच्याकडे त्यांना सोपवून तो चुनारच्या किल्ल्यात गेला. घोड्यावर हौदा आणि हत्तीवर खोगीर घालून साहेब पळाला, अशा अर्थाचे बोल काशीत आजही लोकांच्या तोंडी आहेत.

चित्रकार विल्यम हॉजेस या प्रवासात हेस्टिंग्जबरोबर होता. त्याने पुढे आपल्या प्रवासवर्णनात हे दिवस लिहिले. चुनारहून बाहेर निरोप पाठवणेही कठीण झाले होते. हरकारे प्रवासात कानातली सोन्याची वळी काढून ठेवत आणि भोक बुजू नये म्हणून पिसाची नळी घालत. त्या नळीत चिमुकल्या कागदाची गुंडाळी दडवून पत्रे गेली. त्यांतली काही महादजींशी तहाची बोलणी करणाऱ्या इंग्रज अधिकाऱ्यांसाठी होती.

चुनारमध्ये हेस्टिंग्जसोबत नागपूरकर भोसल्यांचा वकील बेनीराम पंडित आणि त्याचा भाऊ बिशंभर पंडित हेही होते. कोणी बोलावले नसताना ते मागोमाग आले होते. साहेबाकडे फौजेला द्यायला पैसे नाहीत हे पाहून बेनीरामाने काशीतल्या आपल्या घरातले एक लाख रुपये देऊ केले. हेस्टिंग्जने हा उपकार कायम लक्षात ठेवला. नागपूरचा वकील एका बाजूला, ग्वाल्हेरचे शिंदे दुसऱ्या बाजूला. मराठी दौलतीची ही फूट वाचताना मला दर वेळी टोचते. वर्षभरापूर्वीच अहल्याबाई होळकरांनी याच काशीत विश्वेश्वराचे मंदिर पुन्हा उभे केले होते. काशी मुक्त करण्याचे स्वप्न पेशव्यांनी कित्येक वर्षे पाहिले, आणि काशीचा राजा कंपनीविरुद्ध उठला तेव्हा मराठ्यांचा वकील कंपनीला पैसा देऊ करत होता.

पैसा

सप्टेंबरमध्ये ठिकठिकाणाहून फौजा आल्या आणि बंड मोडले. महिना संपता संपता हेस्टिंग्ज काशीत परतला. चेतसिंहाचा भाचा महीपनारायण याला गादीवर बसवले, खंडणी चाळीस लाख केली, आणि शहराची न्यायव्यवस्था व टांकसाळ राजाकडून काढून घेतली. नोव्हेंबरमध्ये पॉपहॅमने विजयगड घेतला. राजाची आई पन्ना तिथे होती. गडात सापडलेले सुमारे तेवीस लाख रुपये फौजेने आपसांत वाटून घेतले. ज्या पैशासाठी हे सगळे घडवले, त्यातला रुपयाही कंपनीच्या खजिन्यात गेला नाही. मग हेस्टिंग्ज अवधच्या बेगमांच्या खजिन्याकडे वळला. १७८४ मध्ये तो याच मुलखातून पुन्हा गेला, तेव्हा बक्सरपासून पुढे उजाड गावे पाहिल्याचे त्याने स्वतःच कळवले.

१३ जून १७८६ रोजी ब्रिटिश पार्लमेंटमध्ये बनारसचा आरोप चर्चेला आला. पंतप्रधान पिट याने कंपनीचा मागणीचा हक्क मान्य केला, पण पन्नास लाखांचा दंड अपराधाच्या मानाने फार मोठा ठरवला आणि हेस्टिंग्जविरुद्ध मत दिले. खटला १७८८ मध्ये उभा राहिला. सात वर्षांनी, १७९५ मध्ये, हेस्टिंग्ज निर्दोष सुटला.

गढी

शिवाल्याच्या वाड्यात पुढे दिल्लीच्या बादशाही घराण्याची माणसे राहिली. शाह आलमचा मुलगा जहाँदार शाह काशीत आला आणि १७८८ मध्ये तिथेच वारला; त्याच्या वंशजांचे वास्तव्य शिवाल्यात बराच काळ होते. जुन्या विस्तीर्ण घाटाचेही तुकडे झाले, आणि काही भाग नागा संन्याशांच्या आखाड्यांकडे गेला. इंग्रज अमदानीत महाराज प्रभुनारायणसिंह यांनी गढी काशीच्या राजघराण्याकडे परत मिळवली. दर पावसाळ्यात गंगा पायऱ्या गिळून भिंतीला लागते, आणि देवदीपावलीला याच भिंतीवर प्रकाशाचे खेळ होतात. जयशंकर प्रसाद यांनी ‘गुंडा’ या कथेत शिवाल्यातला तो दिवस नन्हकूसिंह या नायकाच्या रूपाने अमर केला, आणि हिंदी वाचकांना तो दिवस आठवतो तो बहुधा त्या कथेतून.

जवळच एक शिलालेख आहे. त्यावर स्कॉट, साइम्स आणि स्टॉकर यांची नावे आहेत, कर्तव्य करताना मारले गेल्याचा उल्लेख आहे. त्यांच्याबरोबर पडलेल्या शिपायांतल्या एकाचेही नाव नाही. राजासाठी नदी ओलांडून आलेल्यांचेही नाही. पुरातत्त्वाच्या फलकावर किमान त्या शिपायांच्या पलटणीची, त्यांच्या रिकाम्या बंदुकांची आणि समोरच्या माणसांची नोंद व्हावी, असे मला फार वाटते.

चेतसिंह ग्वाल्हेरला गेला. महादजींनी त्याला आश्रय दिला, जहागीर दिली. साल्बाईचा तह १७८२ मध्ये झाला आणि शिंदे-इंग्रज वैर तात्पुरते मिटले, तरी राजाला कोणी परत नेले नाही. १८१० मध्ये तो ग्वाल्हेरलाच वारला. त्याचा मुलगा बलवानसिंह आग्ऱ्याला राहिला, नजीर अकबराबादींचा शागीर्द झाला आणि ‘राजा’ या तखल्लुसाने उर्दूत गझला लिहीत राहिला.